पावतीवर नसलेलं काम

डिसेंबरातला रविवार, सकाळचे सव्वासहा. धुळ्यात देवपूरला मामांच्या अंगणातून दूध आणायला निघताना मी सेल्फचं बटण दाबलं आणि गाडी ‘टक्‌’ एवढंच म्हणाली. पुन्हा दाबलं. पुन्हा टक्‌. हॉर्न खणखणीत, इंडिकेटर नेमानं उघडझाप करताहेत, किल्ली फिरवताच पेट्रोल पंपाची बारीक घुर्रघुर्रही ऐकू आली होती. सगळं जागेवर आणि इंजिन मात्र ढिम्म. या गाडीला किक नाही. आदल्या संध्याकाळी जळगावहून एरंडोल, पारोळा करत हीच गाडी नव्वदेक किलोमीटर विनातक्रार आली होती.

थंडीपेक्षा मला राग जास्त आला होता. दिवाळीच्या आठ दिवस आधी जळगावात हाच प्रकार झाला होता. तेव्हा एका दुकानापर्यंत गाडी ढकलत नेली. तिथल्या मुलानं बटण एकदा दाबलं, “बॅटरी गेली” म्हणाला, दहा मिनिटांत नवी बसवली आणि जुनी एक्सचेंजमध्ये ठेवून घेतली. मी पैसे दिले आणि निघालो. त्याला जेमतेम दोन महिने होत होते.

ओट्यावर चहा घेत दोघं बसले होते. एक आमचे मामा. आग्रा रोडला चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलं, आधी ट्रक, मग दुचाक्या. आता दुकान बंद करून घरी असतात, पण मल्टिमीटर अजून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलेला. दुसरा माझा मावसभाऊ. त्याचं जळगावात अजिंठा चौफुलीकडे दुचाकीचं गॅरेज आणि पुढे स्पेअर पार्टचं काउंटर. तोही वांग्याच्या भरताच्या निमित्तानं रात्रीच आला होता. दोघांचाही धंदा एकच, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही ते नेमकं या धंद्यावरूनच.

“काय व्हयनं?” मामांनी विचारलं.

मी सांगायच्या आत मावसभाऊ ओट्यावरूनच म्हणाला, “बॅटरी.”

“अरे, दोन महिन्यांपूर्वी तर टाकली.”

“मग वॉरंटीत आहे, दादा. जळगावला गेलास की बदलून घे. नवी बॅटरीही खराब निघते. आत्ता धुळ्यातून एखादी उसनी लावू.”

मामांनी कप खाली ठेवला. “मोजलं कोणी?”

“मोजायचं काय त्यात? चाळीस गाड्या महिन्याला अशा येतात माझ्याकडे. तीसना बॅटरी टाकली की गाडी चालू.”

“आणि दहांना?”

“त्या दहा परत येतात. तेव्हा बघतो.”

“हा त्या दहांतला,” मामा माझ्याकडे बोट करून म्हणाले. “पहिल्यांदा आला तेव्हाच बघितलं असतं, तर आज दूध आणायला गेला असता.”

मामांनी मला ब्रेक दाबून धरायला आणि मग सेल्फ मारायला सांगितलं. स्वतः गाडीमागच्या चुन्याच्या भिंतीकडे बघत राहिले. अजून पुरतं उजाडलं नव्हतं, त्यामुळे ब्रेकच्या दिव्याचा लाल उजेड भिंतीवर स्वच्छ पडला होता. बटण दाबलं, टक्‌ झालं, आणि तो उजेड किंचित खाली आला, इतका किंचित की मला आधी दिसलाही नाही.

“बघ,” मामा म्हणाले. “बॅटरी बसलेली असती तर दिवा पार मंदावला असता. मोटर करंट ओढते, बॅटरी कोसळते, दिवा विझायला येतो. इथं दिवा उभा आहे. म्हणजे मोटरीनं हवा तेवढा करंट ओढलाच नाही. बॅटरीत आहे, पण मोटरीपर्यंत पोचत नाही.”

मावसभाऊ आता उठून आला. “मामा, आवाजावरूनही कळतं ना. टक्‌ आला म्हणजे रिले ओढली. रिले ओढली म्हणजे बटण, क्लचचा स्विच, फ्यूज, सगळं ठीक. मग उरलं काय? बॅटरी नाहीतर मोटर.”

“टक्‌ कसा आला ते ऐकलंस का? एकच आला. बॅटरी उतरलेली असली की टक्‌टक्‌टक्‌टक्‌ अशी पाल चुकचुकल्यासारखी लागते. रिले ओढली, मोटरीनं करंट मागितला, व्होल्टेज पडलं, रिले सुटली. सुटल्यावर व्होल्टेज वर आलं, परत ओढली. त्याचा तो आवाज. काहीच आवाज नसेल तर बटण, क्लच, स्टँडचा स्विच, फ्यूज यांच्याकडे जायचं. मोटर गरगर फिरते आणि इंजिन फिरत नाही, तर तो वन-वे क्लच. आणि एकच टक्‌, दिवा उभा, तर रस्त्यात कुठंतरी अडलंय. रिलेच्या आतले पॉइंट, जाड वायर, अर्थ, नाहीतर मोटरीचे कार्बन. तू मधला सगळा रस्ता सोडून दोन टोकं सांगितलीस.”

हे मावसभावाला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. तो हे सगळं जाणतो, त्याच्या हाताखालची पोरंही जाणतात. त्याचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते त्यानं त्या थंडीत अंगणात उभं राहून जितकं तळमळून सांगितलं तितकं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

“मामा, माझ्या दुकानासमोर सकाळी नऊला कोण उभं असतं ते बघा एकदा येऊन. दूधवाला, शाळेत जाणाऱ्या बाई, कोर्टात तारीख असलेला कोणी, यावल-रावेरकडून केळीचे पैसे घ्यायला आलेला शेतकरी. त्याला दहा मिनिटांत गाडी पाहिजे. बॅटरी टाकली तर दहा मिनिटं लागतात, मला चार पैसे सुटतात, त्याला कंपनीचं वॉरंटी कार्ड मिळतं. तो खूश. आता दुसरं बघा. मी मल्टिमीटर घेऊन अर्धा तास उकिडवा बसलो, शोधलं, एका वायरीचं थिंबल ढिलं निघालं, कसलं. गिऱ्हाईक विचारतो, किती झाले? मी म्हणतो, शंभर. तो म्हणतो, कशाचे? काही टाकलं का तुम्ही? नुसता नटच तर कसला!”

“मग?”

“मग काय, वीस रुपये देतो आणि वर म्हणतो, लुटायला बसलेत. तीच बॅटरी टाकली असती तर हजार-दीड हजार मुकाट दिले असते. मामा, मी मोजायला तयार आहे. मोजण्याचे पैसे द्यायला कोणी तयार नाही. माझ्या पावतीपुस्तकात रकानेच बघा: मालाचं नाव, नग, दर. सापडलेल्या दोषाचा रकाना कुठे आहे?”

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते आम्हा दोघांनाही नवं होतं.

“मलाही कोणी कधी दिले नाहीत. मी वायर मीटरनं विकायचो. दोन मीटर लागली की तीन लिहायचो. ती तिसरी मीटर म्हणजे माझं शोधणं. चाळीस वर्षं तेच केलं.”

“मग मी बॅटरी विकतो, तेच की हे!”

“नाही. मी एक मीटर वायर जास्त लिहिली. तू एक चांगली बॅटरी भंगारात घालतोस.”

मावसभावाला हे लागलं. मलाही लागलं, कारण माझी जुनी बॅटरी आता कुठे असेल हा विचार मी केलाच नव्हता. एक्सचेंजमध्ये गेली म्हणजे संपली असं आपण धरतो. जुनी बॅटरी विक्रेत्यानं परत घ्यायची, हा नियम २००१ मध्ये आला. २०२२ मध्ये नवे नियम आले आणि बॅटरीच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आणखी स्पष्टपणे टाकली गेली. शिशाला भाव आहे म्हणून बॅटरी सहसा कचऱ्यात जात नाही, हे खरंच. पण ती वाटेत कोणाच्या हातात पडते यावर सगळं आहे. परवानाधारक कारखान्यात गेली तर ठीक. कुठल्या वस्तीमागच्या उघड्या भट्टीत गेली तर अ‍ॅसिड मातीत आणि शिशाचा धूर लेकरांच्या छातीत. गॅस्टन प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल यांतून पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. आपल्या सीटखालची डबी रसायनाच्या हिशेबानं अजून तीच आहे. तिच्यातलं शिसं पुन्हा वापरता येतं, पण त्यासाठी तिला वितळवावं लागतं. आणि जिवंत बॅटरी वितळवायला धाडणं ही नुसती माझ्या खिशाची गोष्ट राहत नाही.

मामांनी मला सीट काढायला लावली आणि आतून मल्टिमीटर आणला. २० व्होल्ट डीसीवर ठेवला, दोन टोकं बॅटरीच्या दोन टर्मिनलांना. आकडा १२.६.

“हे बघून दुकानातला मुलगा फसतो,” मावसभाऊ म्हणाला. “नुसतं उभं असताना मेलेली बॅटरीही साडेबारा दाखवते. म्हणून मी म्हणतो, मोजून काही कळत नाही.”

“अगदी बरोबर बोललास. झोपलेल्या माणसाला ताकद विचारून काय कळणार? ओझं उचलताना विचार.” आणि माझ्याकडे वळून, “दाब. दोन सेकंद, जास्त नाही.”

टक्‌. आकडा ११.७.

इथं मामांनी मला खाली बसवलं आणि सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण कोणालाही घरी करता येईल इतकं ते सोपं आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं असतात. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा खाली येणारच. पण तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही. इथं ११.७. म्हणजे बॅटरी ठणठणीत, आणि खरं तर हा आकडा संशय यावा इतका चांगला. मोटर ओझं उचलत असती तर तो साडेदहाच्या आसपास यायला हवा होता.

मग त्यांनी मीटरचं लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळं टोक सेल्फ मोटरीच्या टर्मिनलवर धरलं. दाब. ०.३. “पॉझिटिव्हचा सगळा रस्ता, रिलेसकट, एवढंच खातो. चालेल.” मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं मोटरीच्या उघड्या लोखंडी अंगावर. दाब.

८.०.

मावसभाऊ वाकला. त्यानं मीटर स्वतःच्या हातात घेतला, टोकं पुन्हा घट्ट धरली, मला पुन्हा दाबायला सांगितलं. ७.९.

“अर्थ,” तो हळूच म्हणाला.

“११.७ मधले ८ अर्थच्या वायरीनं खाल्ले. मोटरीच्या वाट्याला साडेतीन व्होल्टही आले नाहीत. ती काय इंजिन फिरवणार?” आणि मग मामांनी ती गोष्ट केली जी मीटरशिवाय होते. निगेटिव्हची जाड वायर जिथं इंजिनच्या बॉडीला बोल्टानं आवळलेली असते तिथं, आतल्या कोपऱ्यात, बोट घातलं. “ये, हात लाव.”

मी हात लावला. पहाटेच्या त्या गारठ्यात सगळं लोखंड बर्फासारखं होतं, आणि ते एवढंसं थिंबल कोमट लागत होतं.

“८ व्होल्ट आणि तीसेक अँपिअर धरले तरी अडीचशे वॅटच्या घरात जातं,” मावसभाऊ म्हणाला. “सोल्डरिंगची इस्त्री पंचवीस वॅटची असते.”

“म्हणून सांगतो, करंट जिथं अडतो तिथं तापतो. मीटर नव्हता तेव्हा आम्ही बोटानंच शोधायचो.”

मामांनी वायर काढायला घेतली. आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडला. ही सवय त्यांची इतकी जुनी आहे की त्यांचं लक्षही नसतं. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना चुकून चासीला लागला तर थेट शॉर्ट होतो; निगेटिव्ह आधी सुटलेला असेल तर पाना कुठंही लागो. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. मग त्यांनी बोल्ट काढून थिंबल माझ्या तळहातावर ठेवलं. वरून ते ठीकच दिसत होतं. उलटं केलं तर खालच्या बाजूला पांढरट हिरवा थर, खायच्या चुन्यात मोरचूद कालवावं तसा, आणि इंजिनच्या बाजूला रंग आणि गंजाचा चट्टा. फक्त एका कडेला, नखाएवढ्या जागेत, तांबं चमकत होतं. एवढ्याशा जागेतून माझी गाडी इतके दिवस चालू होत होती.

“धुवायला कुठे देतोस?” मावसभावानं विचारलं.

“वॉशिंग सेंटरला. प्रेशरनं मारतात.”

“तेच. पाणी आत जातं, वाळत नाही. आणि दिवाळीत नवी बॅटरी टाकताना ही वायर ओढली गेली, जरा हलली, टेकली. म्हणून गाडी चालू झाली. त्यावेळी उकाडाही होता, ऑइल पातळ होतं. आता थंडीत ऑइल घट्ट, मोटरीला जोर जास्त लागतो, तेव्हा उघडं पडलं.” हे सगळं तो बोलला, मामा नाही. एकदा आकडा दिसल्यावर त्याचं डोकं मामांच्या पुढे धावत होतं. मला तेव्हाच कळलं की याला येत नाही असं काहीच नाही. याच्याकडून कोणी हे मागत नाही.

पॉलिश पेपरनं थिंबल आणि बोल्टाची जागा लख्ख केली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिनचा हात फिरवला. सामान म्हणाल तर दोन रुपयांच्या पेपरचा तुकडा. बटण दाबलं. इंजिन अर्ध्या फेऱ्यात सुरू झालं. मामांनी बंद करायला लावून तेच मोजमाप पुन्हा केलं: अर्थकडे ०.१, आणि सेल्फ मारताना बॅटरी १०.६. आता मोटर खरोखर ओझं उचलत होती. चालू गाडीत, जरा रेस देऊन, टर्मिनलवर १४.२. १३.५ ते १४.५ मध्ये असलं की चार्जिंग ठीक. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला, तो बॅटरी उकळवून मारतो.

एव्हाना ऊन ओट्यावर आलं होतं. मामींनी आतून दूध शेजाऱ्यांकडून आणल्याचं सांगितलं. मागच्या अंगणात पऱ्हाट्यांचा जाळ झाला, मी आणलेली हिरवी-पांढरी वांगी त्यावर भाजायला पडली, आणि दोघांची पुन्हा जुंपली.

“तुमच्या राजदूतला सहा व्होल्टची बॅटरी,” मावसभाऊ म्हणाला. “किक मारली, नाही लागली तर उतारावर धक्का मारला, सेकंड टाकून क्लच सोडला, झालं. १९८४ मध्ये किनेटिक होंडा आली तेव्हा बटणावर चालू होणारी स्कूटर म्हणून लोक बघायला जमले असतील. आता किकच काढून टाकली. १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू, म्हणजे दिवसाही बॅटरी-चार्जिंगवर भार. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा, म्हणजे फ्युएल इंजेक्शन. पेट्रोलचा पंप विजेवर, गाडीचा मेंदू विजेवर. बॅटरी पार मेली की धक्का मारूनही गाडी चालू होत नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाला जोखीम घ्यायला कसं सांगू? पारोळ्याच्या पुढे रात्री अडकला तर शिव्या मला. नवी बॅटरी टाकली की माझी झोप शांत.”

“जोखीम वाढली म्हणून तर मोजायला हवं. पूर्वी चुकलं तर किक होती.”

“आणि आपल्याकडचं ऊन? जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. काळी सीट, खाली इंजिन, मध्ये बॅटरी. इथं बॅटरी टिकत नाही, मामा. तुम्ही मोजून ठीक म्हणाल आणि ती चार महिन्यांत जाईल.”

यावर मामा ठाम नव्हते, आणि मला ते आवडलं. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की बॅटरीतली झीज ढोबळमानानं दुप्पट होते, हे त्यांनीच सांगितलं. उन्हाळ्यात पाणी उडतं, आतली जाळी गंजते, पण ऑइल पातळ असल्यानं सेल्फ सहज मारला जातो आणि कोणाला काही कळत नाही. मग थंडी येते. धुळ्यात तर कृषी महाविद्यालयाच्या नोंदीत पारा कित्येकदा सहा-सातवर उतरतो. थंडीत रसायन आळसावतं, इंजिन जड होतं, आणि मेमध्ये मार खाल्लेली बॅटरी डिसेंबरात गुडघे टेकते. “लोक म्हणतात थंडीनं बॅटरी गेली. ती उन्हाळ्यातच गेलेली असते. म्हणून दिवाळीनंतर एकदा ओझ्याखाली मोजून घ्यावं. तीन-चार वर्षांची झालेली आणि नऊवर येणारी बॅटरी असेल, तर मीही म्हणेन टाक नवी, कोरीव काम करत बसू नको. पण आकडा बघून.”

मी मध्ये एक शंका विचारली. सेल्फनं बॅटरी फार जाते म्हणून मी सिग्नलला गाडी बंद करत नाही, ते बरोबर का? मावसभाऊ हो म्हणाला. मामांनी काडीनं मातीत हिशेब केला. मोटर ५० अँपिअर ओढते आणि तीन सेकंद फिरते असं धर. ५० गुणिले ३ म्हणजे १५० अँपिअर-सेकंद. चालू गाडी बॅटरीत एक अँपिअर जरी परत भरत असेल तरी १५० सेकंदांत, म्हणजे अडीच मिनिटांत, फिटलं. एका स्टार्टनं बॅटरी मरत नाही. ती मरते गर्दीत तासभर मंद इंजिनावर हेडलाइट, ब्रेक, मोबाइलचा चार्जर चालवून, आणि त्याहून जास्त नुसती उभी राहून.

“हे मात्र मी रोज बघतो,” मावसभाऊ म्हणाला. “हल्ली लोक जीपीएस लावून घेतात, अलार्म लावून घेतात, कुठल्याही वायरीला जोडतात. किल्ली बंद असताना ५० मिलिअँपिअर जरी गेले तरी दिवसाला सव्वा अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी असते तीन-चारची. तीन दिवस गाडी उभी राहिली की संपलं. मग ती रिकामी बॅटरी तशीच पडून राहते, पत्र्यांवर सल्फेट कडक होतो, आणि नंतर चार्ज केली तरी धरत नाही. गावाला जाणार असाल तर निगेटिव्ह सोडून जा म्हणून मी प्रत्येकाला सांगतो.”

“ते सांगण्याचे पैसे घेतोस?”

“कोण देईल?”

मामांनी वांगं उलटं केलं. साल फुटून वाफ आली. पुढे कोणी काही बोललं नाही, पण हा प्रश्न माझ्याकडेच येऊन थांबला होता. दिवाळीत मी त्या दुकानात बॅटरीच्या किमतीवर एका शब्दानं घासाघीस केली नव्हती. तोच मुलगा जर म्हणाला असता, “साहेब, अर्धा तास थांबा, मोजतो, दीडशे रुपये घेईन, कदाचित काहीच टाकावं लागणार नाही,” तर मी काय केलं असतं? मला वाटतं मी पुढच्या दुकानात गेलो असतो. डॉक्टर नाडी बघून नुसतं “विश्रांती घ्या” म्हणाला तरी त्याची फी आपण देतो. गाडीच्या बाबतीत हातात वस्तू पडल्याशिवाय आपला हात खिशात जात नाही. दुकानदाराच्या लबाडीबद्दल बोलायला आपण सगळे पुढे. पण आपल्याकडे कारागिराला प्रामाणिकपणा परवडू नये अशी व्यवस्था आपणच, गिऱ्हाइकांनी, करून ठेवली आहे. माझा कौल मोजण्याच्या बाजूनं आहे, पूर्णपणे आहे. पण मोजणाऱ्याच्या घरची चूल त्या मोजण्यावर पेटली पाहिजे, हे मावसभावाचं म्हणणं मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

दुपारी निघताना मी मामांच्या हातावर दोनशे रुपये ठेवू पाहिले. ते रागावले. भाच्याकडून घेऊ का, म्हणाले. तेही बरोबरच होतं. मावसभाऊ बाजूला उभा राहून बघत होता.

संक्रांतीनंतर त्याचा फोन आला. एका शिक्षिकाबाईंची स्कूटर आली होती, एकच टक्‌, दिवा उभा. त्यानं पोराला मीटर घेऊन बसवलं. अर्थकडे ०.२, पॉझिटिव्हकडे पाच व्होल्ट. मग रिलेच्या दोन जाड बोल्टांवर मोजलं, तर पाचातले पावणेपाच तिथंच. रिलेचे आतले पॉइंट जळालेले. रिले बदलली, बॅटरी तीच ठेवली. वीस मिनिटं लागली.

“किती घेतले?” मी विचारलं.

“रिलेचे घेतले आणि वर शंभर सांगितले. बाईंनी विचारलं, हे शंभर कशाचे? मी सांगितलं, बॅटरी खराब नाही हे शोधल्याचे.”

“मग?”

“पन्नास दिले. पण पावती मागितली त्यांनी. मी मालाच्या रकान्यात ‘तपासणी’ असं लिहिलं, नग एक.”